परांची

तार्तूच्या या इस्पितळात, तळघराच्या टोकाला,
उणे ऐंशीवर गुरगुरणाऱ्या फ्रीजरची किल्ली माझ्याकडे असते.
हाडांची बँक म्हणतात तिला.
ठेवीदार परत येत नाहीत,
व्याज दुसऱ्याच कुणाच्या पायात वाढतं.

खुबा बदलून घेणारी माणसं
जुना गोळा इथे सोडून जातात, सही करून.
क्रमांक चारशे सतरा. बाई. वय एकोणऐंशी.
शेऱ्याचा रकाना सगळे कोराच ठेवतात.
तिनं लिहिलं होतं, पेन्सिलीनं, तिरकं :
"दहा वर्षं हा माझ्याशी नीट वागला नाही.
ज्याला द्याल त्याची आधीच माफी मागते.
पण नाचलाय भरपूर."

मी तो करवतीनं कापला.
झोताखाली धुतला, पुन्हा धुतला.
रक्त गेलं. चरबी गेली.
जे काही 'ती' होतं, ते बहुतेक सगळं
मोरीच्या जाळीतून गेलं असावं.
उरले जवाएवढे पांढरे दाणे,
छिद्रंच छिद्रं, आणि छिद्रांच्या कडेला
थोडंसं हाड.

उर्मास सारेमा बेटावरचा. बोरूची छपरं शाकारतो.
ऑक्टोबरात परांचीवरून घसरला;
नडगीत दोन बोटांची फट राहिली,
वर्ष झालं तरी भरेना.
डॉक्टर पिरेतनं त्याच्याच कमरेतून
चमचाभर मज्जा काढली, माझ्या दाण्यांत कालवली,
दुधाला विरजण लावावं तशी,
आणि फटीत ठासून भरली.

विरजण लावलं की भांडं हलवायचं नसतं.
हाडाचं मात्र उलटं आहे.
काही आठवडे थांबायचं, आणि मग
थोडा थोडा भार टाकायचा,
नाहीतर आतल्यांना कळतच नाही
की इथे कुणाला उभं राहायचं आहे.

तो तपासणीला आला की खाली माझ्याकडे डोकावतो.
"कुणाचं आहे?"
कायद्यानं सांगता येत नाही.
"बाई की बुवा, एवढं तरी?"
मी उणे ऐंशीच्या आकड्याकडे बघत राहते.
मग त्यानंच नाव ठेवलं : आत्या.
आत्या आज कुरकुरतेय. आत्याला थंडी सोसत नाही.
परवा रेडिओवर पोल्का लागला
तर पाय आपोआप हलला म्हणे.
मी फाइल खाली वर केली, उगाच.

आणि मग, दुसऱ्या वर्षी, मीच बोलून गेले.
म्हटलं, ते हाड जिवंत नव्हतंच, उर्मास.
तुमच्या रक्तवाहिन्या त्या छिद्रांतून शिरल्या,
मागोमाग कुरतडणाऱ्या पेशी आल्या, त्यांच्या मागून बांधणाऱ्या.
कण कण तिचा काढतात, कण कण तुमचा बसवतात.
आणखी काही वर्षांनी तिथे
तुमच्याशिवाय फारसं कुणी नसेल.

वाटलं होतं, खूश होईल.
तो कुबडीची रबरी टोपी फिरवत बसला.
"म्हणजे मी खातोय तिला."
मी म्हटलं, तसं नाही हो.
पण मग कसं, ते काही सांगता येईना.

बऱ्याच वेळानं म्हणाला,
छप्पर झालं की परांची आम्हीच उतरवतो.
राहू दिली तर पाऊस तिच्यावरूनच आत येतो.
पण माझा बाप दर घराची एक फळी
कोठारात आणून ठेवायचा. कशाला, ते विचारलं नाही.
चाळीस एक असतील अजून.

ताज्या एक्स-रेत मी शिवण शोधली.
दिव्यापुढे धरून, भिंग लावून.
एका जागी, तिरकी, पेन्सिलीनं ओढावी तशी
एक पुसट रेघ दिसली,
किंवा काचेवर माझाच केस होता.
पुसून पाहिलं नाही.

वर लिफ्टची घंटा झाली. कुणाचा तरी खुबा उतरतोय.
शीतपेटी घेऊन निघाले.